जांभळं संपल्यावर

जयवंतीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणूच्या बाजारात बोंबलांचा वाटा निवडत होते. फोन मंजूचा होता. मंजू म्हणजे तलासरी तालुक्यात, वेवजीच्या बाजूला, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या एका पाड्यावरची बाई. माझ्या एका छोट्या पेशंटची आई. "डॉक्टरबाई, आमच्या बाई गेल्या. सकाळी चहा घेतला, ओट्यावर बसल्या, आणि बसल्याबसल्याच…" मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. मासळीवालीने विचारलं, "ताई, कोण गेलं?" नात्यातली म्हणावी तर तसं काही नातं नव्हतं. मैत्रीण म्हणावी तर आम्ही कधी एकमेकींच्या घरी जेवलो नाही. शेवटी म्हटलं, "अंगणवाडीच्या बाई होत्या आमच्या." तिने वय विचारलं, मी साठीच्या पुढे म्हणून सांगितलं, तर म्हणते कशी, "मग बरं झालं, खाटेवर नाही पडल्या." मला तिचा असा राग आला की वाटा तिथेच टाकून मी घरी आले. त्या बिचारीचं काय चुकलं होतं? काहीच नाही. मी आहेच तापट.

आज त्याला पाच आठवडे झाले. बाईंवर लिहून द्या असं मला कुणी सांगितलेलं नाही, मीच या पुरवणीच्या संपादकांना फोन केला. कारण जयवंतीबाईंबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती माझ्याच तोंडून गेली पाहिजे. त्या पाड्यावर, आजूबाजूच्या पाड्यांवर, एवढंच काय आमच्या तालुक्याच्या कार्यालयातसुद्धा सगळे समजतात की मंजूच्या मुलीच्या हृदयातला जन्मजात दोष मी ओळखला. त्याबद्दल मला शाल आणि श्रीफळ मिळालेलं आहे. ती शाल मी आठ वर्षं कपाटाच्या तळाशी ठेवली आहे, कारण दोष मी ओळखला नव्हता. मी तो समोर असून बघितला नाही.

मी शाळा-अंगणवाड्यांमधली मुलं तपासणाऱ्या सरकारी पथकात डॉक्टर आहे. आमची एक गाडी, त्यात मी, एक परिचारिका, एक औषधं वाटणारा आणि एक सतत कुरकुरणारा ड्रायव्हर. वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडी करायची. जयवंतीबाईंची अंगणवाडी टेकाडावर, वरच्या अंगाला. पाडा सगळा खाली पसरलेला. गाडीचा रस्ता मागच्या बाजूने थेट दारापर्यंत जातो, मुलं मात्र पुढच्या चढाच्या पायवाटेने येतात. रोज सकाळी बाई खाली उतरून घरोघर जाऊन पोरं गोळा करायच्या. हे काम खरं मदतनिसाचं, पण बाईंना ते दुसऱ्यावर सोपवणं जमायचं नाही. सेविकांची ठरलेली साडी, पायात रबरी चपला, उन्हातसुद्धा हातात छत्री. पोरांशी वारलीत बोलायच्या, आमच्याशी मराठीत, आणि हद्दीपलीकडून भांडी विकायला येणाऱ्याशी गुजरातीत अशी घासाघीस करायच्या की तो डोक्याला हात लावायचा. चढ चढताना पोरं पुढे आणि त्या सगळ्यात मागे. मला वाटायचं, वय झालं, दमतात.

आठ वर्षांपूर्वीचा जून. आम्ही त्या अंगणवाडीवर पोचलो तेव्हा पोरांची तोंडं बघण्यासारखी होती. पाड्यावर जांभळाची पाच-सहा झाडं आहेत आणि त्या वर्षी ती अशी लगडली होती की जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरांच्या जिभा जांभळ्या, ओठ जांभळे, हात जांभळे, एकाच्या तर कानापर्यंत जांभळं. आमची परिचारिका हसून हसून बेजार. तीस-पस्तीस पोरं होती, दुपारपर्यंत अजून एक अंगणवाडी उरकायची होती. मी भराभर हात चालवत होते. वजन, दात, डोळे, छाती, पुढचा. एवढ्यात जयवंतीबाईंनी एका चार वर्षांच्या पोरीला हाताला धरून पुढे केलं. "ही रेश्मा. मंजूची. हिला नीट बघा, डॉक्टरबाई. चढावर तीनदा बसते."

मी बघितलं. हडकुळी, मोठ्या डोळ्यांची पोर. जीभ काढ म्हटलं, तर तिने जांभळी जीभ काढली. मी म्हटलं, "अगं, किती जांभळं खाल्लीस?" छातीला नळी लावली, तर ती घाबरून रडायला लागली, आणि बाजूला बाकीची पोरं एका सुरात बडबडगीत ओरडत होती. मला धड काही ऐकू आलं नाही. शांत होईपर्यंत थांबायला हवं होतं, थांबले नाही. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचं छोटं यंत्र आमच्या पेटीत होतं, ते पेटीतच राहिलं. कार्डावर हृदयाच्या रकान्यात मी 'नॉर्मल' लिहिलं. बाई म्हणाल्या, "ती बसते हो चढावर. मधेच. उकिडवी." मी म्हटलं, "बाई, तुमच्याकडे उकिडवं कोण बसत नाही? सगळा पाडा उकिडवा बसतो." त्या म्हणाल्या, "परत एकदा बघा ना." आणि मी, नाकावर राग घेऊनच जन्माला आलेली मी, पोरांसमोर त्यांना म्हणाले, "डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

बाईंनी रेश्माचा हात धरला आणि तिला रांगेतून बाजूला नेलं.

इथे जरा डॉक्टरकीचं सांगते, कारण वाचणाऱ्यांत कुणाची तरी आई असेल, आजी असेल, अंगणवाडीच्या बाई असतील. काही मुलं हृदयात असा दोष घेऊन जन्मतात की अशुद्ध रक्त फुप्फुसात पुरतं न जाता थेट अंगभर फिरतं. अशा मुलांचे ओठ, नखं, जीभ निळसर-जांभळट दिसतात. आमच्या पुस्तकांतली चित्रं गोऱ्या पोरांची, त्यांच्यावर निळा रंग शाईसारखा उठून दिसतो. आपल्या सावळ्या पोरांच्या ओठांवर तो पटकन कळत नाही. थंडीत हात-पाय निळे पडले तर ते शेकल्यावर ठीक होतात, पण जीभ निळी असेल तर ती थंडीने नसते. दुसरं, ही मुलं तान्ही असताना दूध ओढता ओढता दमतात, कपाळाला घाम येतो, मधेच सोडून देतात. वजन वाढत नाही. तिसरं, दोन-तीन वर्षांनी बोटांची टोकं फुगीर होतात, ढोलाच्या काठीच्या टोकासारखी, आणि नखं गोल वळतात. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, खेळता-पळताना ही मुलं मधेच उकिडवी बसतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. गुडघे पोटाशी आले की पायांकडे जाणारं रक्त अडतं, फुप्फुसाकडे जरा जास्त जातं, आणि जिवाला बरं वाटतं. शहरातलं मूल खेळता खेळता असं बसलं तर आई लगेच विचारते, काय झालं. आमच्याकडे भात लावताना, चुलीशी, बस थांब्यावर, गप्पा मारताना, सगळे तसेच बसतात. तिथे एका पोरीचं बसणं कोण वेगळं काढणार? जयवंतीबाईंनी काढलं, कारण त्या रोज मागे चालायच्या. आणि जांभळाच्या दिवसांत जांभळी जीभ कोण बघणार? मी तर नाहीच बघितली.

जुलै संपता संपता एका रविवारी सकाळी दाराची कडी वाजली. मी डोक्याला तेल लावून बसले होते. दारात जयवंतीबाई, त्यांच्यामागे मंजू, मंजूच्या कडेवर रेश्मा. तलासरीहून दोन वाहनं बदलून भिजत आल्या होत्या. मी या-बसा म्हणण्याआधीच बाईंनी माझ्या मोरीवरच्या तांब्यातलं पाणी घेतलं, रेश्माला चूळ भरायला लावली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तिची हनुवटी उजेडाकडे वळवून म्हणाल्या, "आता जांभळं संपली, डॉक्टरबाई."

जीभ तशीच होती. तीच, जूनमधली.

मला त्या दिवसाचं पुढचं सलग आठवत नाही. शरमेने कानशिलं तापल्याचं आठवतं. पोरीची बोटं हातात घेतली, टोकं फुगीर, नखं गोल… ती जूनमध्येही तशीच असणार. नळी लावली. या वेळी ती रडली नाही, आणि इतकी मोठी खरखर ऐकू आली की नळीशिवायसुद्धा हाताला जाणवावी. मोजायचं यंत्र लावलं तर आकडा सत्तरच्या आसपास घुटमळत राहिला. धडधाकट पोराचा तो पंच्याण्णवच्या वर असतो. मंजू विचारत होती, "काय आहे?" मी तिला काय सांगितलं, बाईंना काय म्हटलं, देव जाणे. एवढं खरं की त्याच दुपारी मी माझ्या एका ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाला फोन लावला, आणि आठवड्याभरात मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात रेश्माच्या हृदयाची सोनोग्राफी झाली.

दोष दुर्मिळ निघाला. हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात, एक डाव्या कप्प्यातून अंगाकडे, दुसरी उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे. रेश्माच्या दोन्ही उजव्याच कप्प्यातून निघाल्या होत्या. त्यात फुप्फुसाकडची वाट अरुंद. दोन कप्प्यांमधल्या भिंतीला मोठं भोक, त्यातून डावीकडचं शुद्ध रक्त कसंबसं उजवीकडे येत होतं आणि मिसळून अंगात जात होतं. मी हे कागदावर चित्र काढून मंजूच्या घरच्यांना समजावत होते आणि सगळे माझ्याकडे ठोंब्यासारखे बघत होते. शेवटी जयवंतीबाई वैतागून म्हणाल्या, "अरे, गवंड्याने घर बांधताना दोन्ही दारं एकाच खोलीला लावली. दुसऱ्या खोलीला दारच नाय. मधल्या भिंतीला भोक राहिलं म्हणून माणसाला बाहेर पडता येतं. कळलं का?" मंजूची सासू लगेच म्हणाली, "मग ते भोक बुजवू नका म्हणावं." मी थक्क झाले. अगदी बरोबर होतं तिचं. ते भोक होतं म्हणूनच पोर जगली होती, आणि शल्यविशारद ते नुसतं बुजवणार नव्हते. त्या भोकापासून अंगाकडच्या वाहिनीपर्यंत आतल्या आत भुयार करणार होते, आणि फुप्फुसाकडची वाट रुंद करणार होते. म्हातारीला ते पटलं. तिच्या प्रश्नाएवढा नेमका प्रश्न मला आजवर फार थोड्या लोकांनी विचारलाय.

अडलं ते दुसरीकडे. मंजूचा नवरा दिनेश वेरावळच्या बोटीवर खलाशी. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला गेला की थेट होळीला परत. खर्चाची सोय सरकारी योजनेतून होत होती, पण तो म्हणत होता, "मी आल्यावर करू. मी नसताना पोरीला कापायचं नाय." आणि मंजूचा चुलत सासरा पाड्याचा भगत, दाणे टाकून दुखणी बघणारा, त्याचा शब्द घरात मोठा. मी म्हटलं, संपलं, आता हा काही होऊ देणार नाही. शहरी डोकं माझं. जयवंतीबाई म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ, मी बघते." त्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर सकाळभर बसून राहिल्या. त्याला म्हणाल्या, आधी तू दाणे बघ, तुझं झाल्याशिवाय मी पोर नेणार नाय. त्याने सुपात तांदळाचे दाणे टाकून पाहिले, बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "हे माझ्या हातातलं नाय. दवाखान्याचं काम आहे. न्या." दाण्यांत काय दिसलं ते त्याला ठाऊक. मला विचाराल तर त्याने रेश्माची जीभ माझ्याआधी नीट बघितली असावी. त्यानेच दिनेशलाही समजावलं, आणि दिनेश जाताना कागदावर सही करून गेला.

शस्त्रक्रियेची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. तोवर पोर सांभाळायची होती. मी बाईंना आणि मंजूला बजावून ठेवलं: हिला फार रडू द्यायचं नाही, पाणी कमी पडू द्यायचं नाही. आणि कधी ती एकदम जास्त निळी पडली, जोरजोरात श्वास घेऊ लागली, अंग टाकू लागली, तर घाबरायचं नाही. तिचे दोन्ही गुडघे छातीशी घट्ट दाबून धरायचे, आणि तसंच दवाखान्यात आणायचं. बाईंनी ते माझ्याच अंगावर करून बघितलं. मला चटईवर झोपवून माझे गुडघे छातीशी आणले आणि विचारलं, "एवढं दाबू की अजून?" माझी परिचारिका तोंडाला पदर लावून हसत होती.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस तेच झालं. अंगणवाडीत दुपारची खिचडी वाढताना कुणीतरी रेश्माची ताटली ओढली, ती हमसून रडायला लागली, आणि रडता रडता काळीनिळी पडली. मदतनीस किंचाळली. पोरं भिंतीला चिकटली. बाईंनी तिला उचललं, आपल्या छातीशी धरलं, गुडघे वर दुमडून एका हाताने पोटाशी दाबले आणि दुसऱ्या हाताने पाठ थोपटत राहिल्या. त्या मला नंतर म्हणाल्या, "माझ्या तोंडातून गाणं निघत होतं, हात कापत होते. तिला गाणं ऐकू जात होतं, हात कळत नव्हते." पाच मिनिटं, दहा मिनिटं, कोण मोजणार. तिचा श्वास हळूहळू खाली आला, डोळे उघडले. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी पोरीचे गुडघे सोडले नाहीत. रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, औषध दिलं, आणि तिथूनच मुंबईला पाठवलं. शस्त्रक्रिया दिवाळीपर्यंत थांबली नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी सुट्टी काढून मुंबईला गेले. मंजू देवाच्या फोटोसमोर बसली होती, आणि बाहेरच्या बाकावर जयवंतीबाई. मी शेजारी बसले. सात तास. मधेच मी विचारलं, "तुम्हाला कसं लक्षात आलं हो, तिचं ते बसणं?" बाई म्हणाल्या, "किसन म्हणून एक होता. माझ्या पहिल्या वर्षांतला. तो असाच चढावर बसायचा. मला वाटलं, आळशी आहे, यायचं नाय म्हणून बसतो. मी त्याला दंडाला धरून ओढायची. रोज. ऊठ रे आळशा, म्हणायची." पुढे म्हणाल्या, "पावसाळ्यात गेला तो. ताप आला आणि गेला. त्याला काय होतं, हेच असेल का?"

मी काय सांगणार? खोटं सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं. म्हटलं, "असेल, नसेल. आता कुणीच सांगू शकणार नाही." त्या म्हणाल्या, "हो ना." आणि मग, "तेव्हापासून मी मागेच चालते." मी त्यांचा हात धरला. इतकी वर्षं मी त्यांना दमलेली म्हातारी समजत होते… आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष कुणाला देणार?

रेश्मा वाचली. ही गोष्ट मी शेवटापर्यंत राखून ठेवणार नाही, वाचणाऱ्याचा जीव कशाला टांगणीला लावायचा? महिन्याभराने ती पाड्यावर परत आली आणि चौथ्याच दिवशी मंजूचा घाबरा फोन. "डॉक्टरबाई, पोरीचा रंग गेला. नखं फिक्की पडली. अंगातलं रक्त संपलं वाटतं." मी आणि बाई दोघी धावत गेलो. बघतो तर काय, नखं छान गुलाबी. मंजूने जन्मापासून लेकीची नखं जांभळीच बघितलेली, तिला गुलाबी रंग आजाराचा वाटला. बाईंनी तिच्यासमोर आपला हात धरला, माझा धरला, तिचा स्वतःचा धरला, आणि रेश्माच्या हातासकट चारी हातांची नखं एका रांगेत लावून दाखवली. मंजू एकदा नखांकडे बघायची, एकदा आमच्याकडे, आणि मग जी हसायला लागली ती थांबेना. म्हातारी सासूही हसली. मी त्या घरात इतकं हसणं पहिल्यांदाच ऐकलं.

आणि मग ती शाल. तालुक्याला कार्यक्रम झाला, माझं नाव पुकारलं, वेळेत निदान वगैरे भाषणं झाली. मी व्यासपीठावर उभी, आणि जयवंतीबाई मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. ध्वनिक्षेपक माझ्या हातात होता, दोन वाक्यं बोलायची होती, ती बोलले नाही. खाली उतरल्यावर बाईंना गाठलं. "तुम्ही सगळ्यांना असं का सांगितलंत, की मी शोधलं म्हणून?" त्या सहज म्हणाल्या, "मला अजून पोरं पाठवायची आहेत तुमच्याकडे. लोकांचा तुमच्यावर विश्वास बसायला पाहिजे. माझ्यावर आहेच." मी ते तसंच चालू दिलं, आणि खोटं कशाला बोला, मला ते सोयीचंही होतं. झाकली मूठ.

विश्वास मात्र बसला. पुढच्या वर्षांत त्या पट्ट्यातल्या आया दूध ओढताना दमणारी तान्ही बाळं घेऊन आपणहून आल्या. काहींचं काहीच नव्हतं, काहींचं होतं, आणि ती वेळेत पुढे गेली. आमची गाडी आता सहसा अंगणवाडीच्या दारापर्यंत जात नाही. शक्य असेल तिथे मी खालीच उतरते आणि पोरांच्या मागून चालत वर जाते. ड्रायव्हर म्हणतो, मॅडम, पेट्रोल सरकारचं आहे, गुडघे तुमचे आहेत. म्हणू दे. बाई सेवेतून निवृत्त झाल्यावरही आम्ही आलो की छत्री घेऊन हजर असायच्या, आणि आम्ही दोघी शेवटी चालायचो. गाडीत बसून मुलं तपासणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे मला त्यांनी शब्दाने कधी सांगितलं नाही.

बाईंच्या दिवसकार्याला मी गेले. पाऊस नव्हता, म्हणून माणसं अंगणवाडीत आणि बाहेरच्या अंगणात बसली होती. आत भिंतीवर पोरांच्या नावांचा तक्ता अजून बाईंच्याच अक्षरात आहे. नवीन सेविकेने फक्त खाली दोन नावं वाढवली आहेत. म्हातारा भगत आता पार वाकला आहे. त्याने बाहेरगावच्या पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायला सुरुवात केली, "ह्या त्या डॉक्टरबाई. आमच्या रेश्माचं ह्यांनी ओळखलं." आणि मला एकदम सहन होईना. मी पोरांच्या बुटक्या खुर्चीवरून उठले आणि सगळं सांगून टाकलं. जून, जांभळं, कार्डावरचं 'नॉर्मल', डॉक्टर मी की तुम्ही… सगळं. "ओळखलं ते जयवंतीबाईंनी. त्यांनी दोनदा सांगितलं होतं, आणि मी त्यांना सगळ्यांसमोर गप्प केलं होतं."

मंजू खाली बघत होती. मला वाटलं, आता या लोकांचा विश्वास गेला. बाईंनी जमवलेलं मी त्यांच्याच दिवसांना उधळलं. एवढ्यात दाराशी उभी असलेली रेश्मा बोलली. ती आता बारा वर्षांची आहे, आश्रमशाळेत सातवीत.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बाईंनी मला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"हेच. तुम्ही पहिल्यांदा चुकल्या होत्या ते. मी बाईंना विचारलं, मग तुम्ही मला दुसऱ्या डॉक्टरकडे का नाय नेलं? परत ह्यांच्याकडेच का?" तिने जरा आईकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. "तर बाई बोलल्या, त्या दिवशी डॉक्टरबाईंनी तुझी जीभ बघितली, तुझ्या आईसमोर हात जोडले आणि बोलल्या, माझं चुकलं. डॉक्टर असं बोललेला मी पहिल्यांदा ऐकला. बोलल्या, तुला काय झालं तर ह्यांच्याकडेच जायचं."

मी हात जोडले होते? मला आजही आठवत नाही. मंजूला विचारलं, तर ती म्हणाली, "हो, जोडले होते ना. मोरीपाशी." मग नवीन सेविकेने चहा आणला, आणि म्हाताऱ्या भगताने त्याच्या बशीतला पहिला घोट घ्यायच्या आधी आपल्या नातवाच्या तान्ह्या मुलाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "हा दूध पिताना दमतो. जरा बघा."